मी मोकळाच होतो!

पंच नसलेला खेळ मराठी माणसाला नवा नाही. गल्लीतलं क्रिकेट आपण सगळे पंचाशिवायच खेळलो आणि धावचीत कोण, हे शेवटी बॅट कोणाच्या घरची यावर ठरायचं. पण तिथे पंच नव्हता तो नाइलाज म्हणून. जो पंच व्हायला तयार असायचा त्याच्यावर कोणाचाच विश्वास नसायचा. अल्टिमेट फ्रिस्बीत मात्र पंच नाही तो तत्त्व म्हणून. अगदी जागतिक स्पर्धेतसुद्धा धक्का लागला की नाही, हे ज्याला लागला आणि ज्याने दिला त्या दोघांनी मैदानात उभं राहून ठरवायचं. एकमत झालं नाही तर डिस्क ज्याने फेकली होती त्याच्याकडे परत, आणि खेळ पुढे चालू. आपल्या हाउसिंग सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत ही पद्धत आणली तर सभा त्याच दिवशी संपेल, पण मग सभेला येईल कोण?

हा खेळ जन्मला आमच्या न्यू जर्सीत. ‘आमच्या’ म्हणायचा हक्क मी इथली घरपट्टी भरून मिळवला आहे, आणि ज्यांनी ती भरली आहे ते यावर वाद घालणार नाहीत. 1968 साली मेपलवुड गावातल्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जोएल सिल्व्हर नावाच्या एका विद्यार्थ्याने, शाळेत फ्रिस्बीचा खेळ सुरू करावा असा ठराव विद्यार्थी मंडळापुढे मांडला. अर्धा चेष्टेतच मांडला होता. ठराव संमत झाला आणि पोरं शाळेच्या पार्किंगमध्ये, दिव्यांच्या उजेडात खेळू लागली. हाच जोएल सिल्व्हर पुढे हॉलिवूडमध्ये निर्माता झाला. ‘लीथल वेपन’, ‘डाय हार्ड’, ‘द मॅट्रिक्स’ हे त्याचे सिनेमे. ज्याच्या एकाही सिनेमात दोन माणसं समोरासमोर उभी राहून, शांतपणे चर्चा करून भांडण मिटवत नाहीत, त्याने जगाला हा खेळ दिला.

खेळ सोपा आहे. एका बाजूला सात भिडू. मैदान साधारण शंभर मीटर लांब, दोन्ही टोकांना अठरा-अठरा मीटरचे पट्टे. समोरच्या पट्ट्यात आपल्या भिडूने डिस्क झेलली की एक गुण. डिस्क हातात असताना चालायचं नाही. दहा सेकंदांत ती फेकायची. जमिनीला टेकली की दुसऱ्या संघाची. अंगाला अंग लावायचं नाही. संपले नियम. बाकीचे पुस्तकात आहेत आणि पुस्तक कोणीच वाचलेलं नसतं.

गंमत आहे ती त्या डिस्कमध्ये. चेंडू माणसाला विचार करायला वेळ देत नाही. आला, लागला, गेला. ही 175 ग्रॅमची तबकडी मात्र हवेत रेंगाळते. वारा असला तर थांबते, मन बदलते, परतसुद्धा येते. त्या तीन-चार सेकंदांत खाली उभ्या असलेल्या माणसांचे स्वभाव बाहेर पडायला भरपूर अवधी मिळतो. ऑफिसात दहा वर्षं शेजारी बसून जे कळत नाही ते इथे एका फेकीत कळतं.

आमची लीग उन्हाळ्यातली. आठवड्यातल्या एका संध्याकाळी, रॅरिटन नदीकाठच्या पार्कात, साडेआठपर्यंत उजेड आणि त्यानंतर डास. मुलं आणि बायका-पुरुष एकत्र खेळतात. संघ चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे पाडले जातात, त्यामुळे आपल्या वाट्याला कोण येईल ते सांगता येत नाही. आमच्या संघात मराठी आम्ही दोघंच. मी, आणि माझ्या मित्राची बायको. तिला मी वहिनी म्हणतो. मित्रानेच दोघांची नावं नोंदवली, स्वतःचंही नोंदवलं, आणि पहिल्या सामन्याआधीच घोटा मुरगळून घेऊन घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास यांसह कडेला कायमचा स्थानापन्न झाला. तिथून त्याला खेळ फार चांगला कळतो.

संघाचा आधारस्तंभ म्हणजे आमचे काका. आम्ही दोघं आपसात काका म्हणतो. समोर त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी लागते आणि दर वेळी जीभ अडखळते. वय साठीचं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. काका धावत नाहीत. ते एका जागी उभे राहतात आणि डिस्क त्यांच्याकडे येते. मग ते डाव्या हाताच्या बोटाने मैदानातली एक जागा दाखवतात. त्या जागी तुम्ही पोचलात तर डिस्क आधीच तिथे आलेली असते. छातीच्या उंचीवर, हळुवार, नुसती हातात घ्यायची. तुम्ही पोचला नाहीत तर डिस्क जमिनीवर पडते आणि काका तुमच्याकडे बघत नाहीत. त्या जागेकडे बघतात. रागावलेला कर्णधार परवडला, पण ते जागेकडे बघणं भयंकर. त्या रिकाम्या गवतात आपली अनुपस्थिती स्पष्ट दिसू लागते.

काकांचा दुसरा विषय इतिहास. 6 नोव्हेंबर 1972 रोजी, आमच्या मैदानापासून जवळच, न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात कॉलेजांमधला पहिला अल्टिमेटचा सामना झाला. कुठे? तर ज्या जागी बरोबर 103 वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, त्याच दोन कॉलेजांत अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना झाला होता त्या जागी. 1869 मध्ये तिथे गवत होतं, 1972 पर्यंत तिथे गाड्या लावायची जागा झाली होती. फुटबॉलमध्ये रटगर्स 6-4 ने जिंकलं होतं, अल्टिमेटमध्ये 29-27 ने. दोन्हीकडे दोनाच्याच फरकाने. हे सगळं खरं आहे. काका त्यात एवढीच भर घालतात की ते स्वतः त्या सामन्याला हजर होते. एकदा पाणी पिताना त्यांच्या तोंडून जन्मसाल निसटलं. त्या हिशेबाने ते तेव्हा आठ वर्षांचे असणार. मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, आठ वर्षांचं पोर पार्किंगमध्ये असू शकत नाही का?” असू शकतं. काका तेव्हाही एका जागी उभे असतील आणि सामना त्यांच्यापर्यंत आला असेल.

काकांच्या अगदी उलट टोकाला आमची तोफ. हा गृहस्थ दिवसभर पुलांची आखणी करतो. कुठल्या खांबावर किती भार, वर किती टक्के राखीव ताकद, सगळं दोनदा तपासून सही करतो. सात वाजता मैदानात उतरला की मात्र त्याला मधलं काही दिसत नाही. पाच पावलांवर, एकट्या, हात पुढे करून, वहिनी उभ्या असतात. तो त्यांच्या डोक्यावरून साठ मीटर लांब फेकतो. वाऱ्याच्या दिशेने फेकतो, वाऱ्याच्या विरुद्ध फेकतो, पावसात फेकतो. वर दोन बोटांत डिस्क धरून डोक्यावरून हातोडा मारल्यासारखी एक फेक असते, तिला हॅमरच म्हणतात. ती त्याला फार आवडते. डिस्क उंच जाते, उलटी होते, सगळे माना वर करतात, आणि ती नदीच्या बाजूला कुठेतरी उतरते. मग तोफ एकच वाक्य बोलते, “फेक चांगली होती.” म्हणजे बाकीचं सगळं वाईट होतं. जून महिन्यात एकदा त्याची अशी फेक कोणीतरी खरोखर झेलली. त्या एका गुणावर त्याने अख्खा जुलै काढला.

आणि ती झेलली होती आमच्या पडक्याने. पडक्या कॉलेजात शिकतो. त्याला उभं राहून झेलता येत नाही असं नाही, पण उभं राहून झेलण्यात त्याला अर्थ वाटत नाही. या खेळात अंग झोकून देऊन, जमिनीला समांतर होऊन झेलणं हा मोठा मान असतो, प्रेक्षक उठून उभे राहतात. पडक्या पोटाच्या उंचीवर, सरळ हातात येणाऱ्या डिस्कसाठीसुद्धा आधी दोन पावलं मागे सरतो आणि मग तिच्यावर झेप घेतो. आता आमच्या मैदानाची एक अडचण आहे. नदीकाठी कॅनडा गूस नावाचे हंस शेकड्यांनी राहतात. नल-दमयंतीच्या कथेत निरोप पोचवणारे, मोती टिपणारे, नीर-क्षीर वेगळं करणारे जे हंस आपण वाचलेले असतात, त्यांचे हे अमेरिकन चुलत भाऊ दिवसभर फक्त गवत खातात आणि दिवसभर ते मैदानात परत करतात. पडक्याने गुण केला की सगळे त्याच्या दिशेने धावतात आणि चार हातांवर थांबतात. टाळ्या लांबूनच वाजवतात.

मोकळ्याबद्दल मला जास्त आपुलकी आहे. आपल्यामागे कोणी नाही, आपल्याकडे फेका, हे सांगायला हात वर करून ओरडायचं असतं. मोकळ्याचा हात वरच असतो. डिस्क आमच्याकडे असो, त्यांच्याकडे असो, पाणी पिण्याची सुट्टी असो. गुण गेला की तो दर वेळी प्रत्येकापाशी जाऊन, चढ्या नव्हे तर दुखावलेल्या आवाजात सांगतो, “मी मोकळाच होतो!” आम्ही मान डोलावतो, कारण ते खरं असतं. दुसऱ्या संघांनी पहिल्या सामन्यानंतर त्याच्यामागे धावायचंच सोडून दिलं आहे. तो एकटा हात वर करून उभा असतो, त्याच्याभोवती दहा-दहा मीटर निर्मनुष्य. काका त्याच्याकडे अधूनमधून बघतात, बोट दाखवायला हात उचलतात, आणि खाली घेतात. एवढ्या अनुभवातून माणूस काहीतरी शिकलेला असतोच.

नियोजक फार वर्णन करण्यासारखा नाही. तो फळा आणतो. त्यावर सात फुल्या एका ओळीत उभ्या, मग सात फुल्या आडव्या, मग बाण. वाऱ्यात काय करायचं, त्यांनी अमुक केलं तर आपण तमुक कसं करायचं. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून ऐकतो. खेळ सुरू होतो, चौथ्या सेकंदाला तोफेच्या हातात डिस्क येते, आणि फळा संपतो.

वहिनी मात्र या सगळ्यांत वेगळ्या. त्या सांगलीच्या शाळेत खो-खो खेळलेल्या. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, पळणाऱ्याला मात्र वाटेल तसं वळता येतं. वहिनी पळणाऱ्यांतल्या. समोर कॉलेजच्या संघातून खेळलेली, सहा फुटी, कवायतीत वाढलेली मुलगी उभी राहते. वहिनी डावीकडे जातात, खांदा डावीकडे, नजर डावीकडे, अगदी ओढणी असती तर तीसुद्धा डावीकडे गेली असती, आणि पुढच्या क्षणी त्या उजवीकडे असतात. ती मुलगी अजून डावीकडेच धावते आहे. पहिल्या सामन्यात नियोजकाने धावत येऊन विचारलं की या हुलकावणीला तुमच्याकडे काय म्हणतात, कुठल्या शिबिरात शिकलात. वहिनी म्हणाल्या, “शाळेत.” त्याला वाटलं सांगलीला अल्टिमेटची शाळा आहे. त्याने ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

वहिनींची अडचण डिस्क हातात आल्यावर सुरू होते. इतका वेळ जी बाई कोणाला सापडत नव्हती ती आता एका जागी खिळलेली. डिस्क फेकून देणं त्यांना पटत नाही. घरात कुठलीही वस्तू फेकायची नाही, हातात द्यायची, हे वळण. म्हणून त्या जवळ आलेल्या भिडूला डिस्क हातात देऊ बघतात, आणि तेच नियमात बसत नाही. डिस्क एकाच्या हातातून सुटून मगच दुसऱ्याच्या हातात जायला हवी, हातोहात दिली तर गेली. हे काकांनी दोनदा समजावलं. वहिनींनी तोडगा काढला. आता त्या डिस्क अर्धा फूट वर उडवतात आणि भिडूने ती लगेच घ्यायची. नियमात बसतं. कडेच्या खुर्चीवरून मित्र ओरडतो, “अगं, लांब फेक की!” त्यावर वहिनी खेळ चालू असताना, मराठीत, शांतपणे सांगतात, “चहा संपला असेल तर या मैदानात.”

दहा सेकंद मोजायचं कामही भिडूंचंच. जो अडवायला उभा असतो त्याने फेकणाऱ्याच्या समोर मोठ्याने आकडे म्हणायचे. वास्तविक सेकंद सगळ्यांचा सारखा. पण आमच्या संघातल्या बालवाडीच्या बाई दिवसभर पोरांना “मी दहा मोजते हं” असं सांगून दहाला पाच मिनिटं लावतात, आणि संध्याकाळी त्याची भरपाई करतात. त्यांचा एक ते सात हा एकच आकडा ऐकू येतो. याउलट आमच्यात एक वकीलसाहेब आहेत. बिल तासावर लावायची सवय असल्यामुळे की काय, त्यांचा सेकंद संपत नाही. वहिनींची पद्धत तिसरीच. सहापर्यंत इंग्रजीत, आणि जीव रंगात आला की पुढे आपोआप “सात, आठ, नऊ”.

यावरून एकदा सामना थांबला. समोरचा गोरा मुलगा म्हणाला की वेळ किती उरला तेच कळत नव्हतं, त्यामुळे त्याची डिस्क गेली हे मान्य नाही. मोठ्याने मोजायचं हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. भाषेबद्दल काय लिहिलंय हे कोणालाच सांगता येईना, काकांनासुद्धा नाही. नियोजकाने फोन काढला. तेवढ्यात समोरच्याच संघातले एक गुजराती गृहस्थ पुढे आले. इथल्या एडिसन गावाच्या आसपास सात माणसं जमवली की त्यांत एक गुजराती भाई निघतोच. ते म्हणाले, “मला कळलं. बाईंनी नऊ म्हटलं होतं, आणि मग दहा. दहा पूर्ण झाले.” स्वतःच्या संघाविरुद्ध! डिस्क आम्हाला मिळाली. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अशी साक्ष देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलं नसतं. इथे त्यांचा कर्णधार त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला.

धक्काबुक्कीच्या बाबतीतही धंद्याचा आणि मैदानाचा संबंध उलटाच असतो. मला वाटलं होतं वकीलसाहेब प्रत्येक स्पर्शावर दावा ठोकतील. त्यांनी अख्ख्या हंगामात एकही तक्रार केली नाही. कोणी त्यांच्या नावाने फाउल म्हटलं की लगेच “हो, लागला असेल” म्हणून मोकळे. फुकट भांडायचं नाही एवढी शिस्त त्यांनी पाळली आहे. बालवाडीच्या बाई मात्र न्याय मिळाल्याशिवाय हलत नाहीत. समोरच्या दाढीवाल्याला त्या गुडघ्यावर वाकून, डोळ्यांत डोळे घालून विचारतात, “आता तू सांग, काय झालं?” चांगला नव्वद किलोचा माणूस मान खाली घालून कबूल करतो.

या सगळ्यापेक्षा आम्हा दोघांना जड जातो तो सामन्यानंतरचा विधी. दोन्ही संघ एकाआड एक, खांद्यांवर हात टाकून गोल उभे राहतात आणि एकमेकांची स्तुती करतात. तोंडावर. कोण किती छान धावलं, कोणाचा स्वभाव किती गोड. ‘बरं खेळता’ ही आपल्याकडची सर्वोच्च पदवी, तीही माणूस घरी गेल्यावर द्यायची. इथे प्रत्येकाने काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते. माझी पाळी आली की मी मैदान चांगलं होतं असं सांगतो. मग गुणपत्रिका. समोरच्या संघाच्या खेळाडूवृत्तीला गुण द्यायचे. नियमांची जाण, धक्काबुक्की, न्यायबुद्धी, वागणूक, संवाद, असे पाच रकाने, प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे चांगलं, नेहमीसारखं. अमेरिकन माणसाचा हात चारच्या खाली यायला तयार नसतो. आमच्या संघाची पत्रिका एकदा वहिनींकडे आली. ज्यांच्या शाळेत निबंधाला दहापैकी साडेसहा मिळाले तर घरी पेढे आणायचे, त्यांनी सगळीकडे दोन लिहिलं आणि न्यायबुद्धीला, गुजराती भाईंमुळे, तीन. पुढच्या आठवड्यात त्या संघाचा कर्णधार काळजीने विचारायला आला, आमचं काही चुकलं का?

माझ्या शैलीबद्दल मी काय बोलावं. मित्राचं म्हणणं की मी सावलीच्या बाजूने खेळतो. मैदानाच्या पश्चिमेला मोठी झाडं आहेत आणि सात वाजता त्यांची सावली अर्ध्या मैदानापर्यंत येते, त्यामुळे अर्धं मैदान मी व्यवस्थित सांभाळतो. उरलेल्या अर्ध्यात मोकळा आहेच.

ऑगस्टच्या शेवटी पुढच्या हंगामाचे फॉर्म आले. त्यात प्रत्येकाने स्वतःला गुण द्यायचे असतात, म्हणजे संघ समतोल पाडता येतात. आमच्या संघाचे फॉर्म नियोजकाने गोळा केले, आणि गुप्तता वगैरे काही नसल्यामुळे ते सगळ्यांनी वाचले. तोफेने ‘फेक’ या रकान्यात पाचपैकी पाच दिले होते. पडक्याने ‘झेल’ला पाच. मोकळ्याने कुठेही आकडा घातला नव्हता, खाली ‘टिप्पणी’मध्ये एक परिच्छेद लिहिला होता. काकांनी ‘धावणे’ पुढे शून्य लिहिलं होतं, जो पर्याय फॉर्मवर नव्हता, आणि ‘अनुभव’ पुढे 1972.

वहिनींनी स्वतःला सगळीकडे दोन दिले. शेवटी एक रकाना असतो, बॅगेज. ज्याच्यावाचून तुम्ही खेळणार नाही अशा एका माणसाचं नाव तिथे घालता येतं, मग लीगवाले दोघांना एकाच संघात टाकतात. त्यात वहिनींनी माझं नाव लिहिलं होतं.

मित्र खुर्चीतून उठला. घोटा बरा झाल्याचं आम्हाला तेव्हाच कळलं. “अगं, माझं नाव का नाही घातलंस?”

“एकच ओझं नेता येतं,” वहिनी म्हणाल्या, “आणि भावजी निदान उंच आहेत.”